काळ्या खड्यांची मोजणी

खडेमावशी नेमकं काय काम करतात, हे त्यांच्या घरात कोणालाच धड सांगता येत नसे. मुलगा म्हणायचा, आई दगडांच्या संस्थेत आहे, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायचा. सून म्हणायची, प्रयोगशाळेत असतात. मावशींची थोरली बहीण तोंडाची फटकळ. ती चारचौघांत सांगायची, "आमची धाकटी दिवसभर खडे मोजते. जग दुसऱ्याच्या नावानं खडे फोडतं, ही नुसती मोजते. तेवढीच भली."

बहिणीचं म्हणणं शब्दशः खरं होतं. फक्त ते खडे ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळाखाली दगडात रुतलेले होते, आणि लाखो वर्षांपूर्वी बर्फानं ते तिथे आणून टाकले होते. जहाजावरून लांबच लांब नळी खाली सोडायची, ती फिरवत फिरवत तळात घुसवायची आणि मनगटाएवढ्या जाडीच्या दगडी कांड्या वर काढायच्या, असा तो खटाटोप. त्या कांड्या अर्धं जग ओलांडून या शहरातल्या एका कोठारात येऊन पडल्या होत्या. कोठार बाहेरून एखाद्या बटाट्याच्या शीतगृहासारखं दिसे. आत उंच लोखंडी मांडण्या, त्यांवर लांबट पेट्या आणि पेट्यांत ओळीनं निजवलेल्या कांड्या. दार उघडलं की थंड, ओल्या मातीचा वास यायचा. नवीन माणूस आत आला की हटकून कुजबुजत बोलायचा, जणू कोणाची झोपमोड होईल.

मावशी तिथे आल्या त्या शेजारधर्मामुळे. त्याआधी त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात होत्या. तिथल्या त्यांच्या जागेला सगळे 'शेवटची नजर' म्हणत. कपडा खोक्यात जाण्याआधी त्याच्यावरून शेवटची नजर फिरवायची आणि सुटलेला टाका, लोंबता धागा, वाकडं काज पकडायचं. मग कारखाना बंद पडला. नवरा आधीच गेलेला, मुलाचं शिक्षण अर्ध्यावर. त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे एक गृहस्थ कोठारात करवतीवर होते. हिऱ्याच्या कणांची धार लावलेल्या गोल करवतीनं कांडी उभी चिरून तिचे दोन अर्धे करायचे, हे त्यांचं काम, म्हणून ते करवतदादा. दादांनी मावशींना जिन्यात गाठलं आणि सांगितलं, "आमच्या साहेबांना माणूस हवंय. हुशार नको म्हणतात. चिकाटीचं हवं."

"म्हणजे मी हुशार नाही, असंच ना?" मावशींनी विचारलं.

"ते साहेब ठरवतील," दादा म्हणाले. "मी फक्त चिकाटीची हमी दिलीय."

साहेब म्हणजे थरवाले सर. उंच, किंचित वाकलेले, बोलताना समोरच्या माणसाऐवजी त्याच्यामागच्या भिंतीकडे पाहणारे भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांनी मावशींसमोर चिरलेली एक कांडी ठेवली, हातात भिंग दिलं, काडेपेटीच्या काडीच्या गुलापेक्षा मोठे असतील तेवढे खडे मोजायला सांगितले आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावून एक कांडी दिली, तीही मोजून घेतली. मग म्हणाले की दोन्ही वेळा कांडी एकच होती आणि आकडाही एकच आला, तेव्हा उद्यापासून या. विद्यार्थ्यांकडून त्यांनी हे काम करून पाहिलं होतं, पण सोमवारचा आकडा शनिवारी जुळत नसे. मोजता मोजता त्यांना विचार सुचतात, हा सरांच्या मते त्या कामातला सगळ्यात मोठा दोष. स्वतःबद्दलही त्यांचं मत वेगळं नव्हतं. ते म्हणत, "मी मोजायला बसलो की थोड्याच वेळात मला त्या खड्याचं गाव कोणतं, हे आठवायला लागतं. आकडा गेला वाऱ्यावर."

खड्यांना गाव असतं, हे मावशींना नवीन होतं. सरांनी ते हळूहळू समजावलं. बर्फ म्हणजे हमाल, असं ते म्हणत. डोंगरावरून सरकत येताना वाटेतले दगडगोटे तो पोटाशी घेतो आणि समुद्रापर्यंत वाहून आणतो. बर्फाचा तो प्रचंड पसारा समुद्राच्या तळावर सरकत आला, म्हणजे चिखल, वाळू, गोटे सगळ्याचा काला करतो. तो काला दगड झाला की गवंड्यानं कालवलेल्या काँक्रीटसारखा दिसतो. पुढे बर्फ मागे हटला की तिथे बारीक गाळ साचू लागतो, पण बर्फाचे तुटलेले तुकडे वरून तरंगत असतात, ते वितळताना पोटातला एकेक खडा खाली सोडतात. तो खडा मऊ गाळात रुतून बसतो. बर्फ जितका जवळ तितके खडे दाट, जितका लांब तितके विरळ. म्हणजे थराथरांतले खडे मोजत गेलं की बर्फ कधी आला, कधी गेला, किती वेळा परत फिरला, हे सगळं उलगडत जातं. शिवाय खड्यांच्या दोन जाती होत्या. काळे खडे एका बाजूच्या ज्वालामुखीच्या डोंगरांतले, पांढरट दुसऱ्या बाजूच्या ग्रॅनाइटच्या डोंगरांतले. म्हणून मोजणी दोन खात्यांत.

त्यासाठी मावशींच्या दोन मुठींत दोन छोटी यंत्रं असत, अंगठ्यानं दाबलं की आकडा एकनं पुढे सरकणारी. डाव्या मुठीत पांढऱ्यांचं, उजव्या मुठीत काळ्यांचं. आधी कांडीचा चिरलेला भाग ओल्या स्पंजनं पुसायचा, म्हणजे दगडाचे रंग उठून येतात. मग त्यावर वीतभर लांबीची पत्र्याची चौकट ठेवायची. दिवा बाजूनं तिरपा. चौकटीतले खडे मोजून झाले की चौकट वर सरकवायची. आणि हे सगळं खालून वर. तो त्या कोठाराचा शिरस्ताच होता. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, तेव्हा वाचायचंही जुन्याकडून नव्याकडे, गोष्ट सुरुवातीपासून वाचावी तसं.

अशी वर्षं गेली. मुलगा शिकला, नोकरीला लागला, सून आली, नातू झाला. कामाला खडेमावशींनी कधी नावं ठेवली नाहीत. कारखान्यात चूक सापडली की कोणीतरी बोलणी खायचं. इथे खडा सापडला की कोणाचं काही बिघडत नव्हतं, हे त्यांना फार आवडे. तळाच्या पेट्यांपासून सुरुवात करून त्या मांडणीच्या वरच्या कप्प्यांपर्यंत आल्या होत्या. थर नवे होत चालले होते आणि मावशी जुन्या.

वरच्या पेट्यांमध्ये एक गंमत दिसू लागली. पांढरे खडे होते तेवढेच राहिले, काळे मात्र कमी कमी होत गेले. शेजारच्या खोलीत करवत चालवणाऱ्या दादांच्याही ते लक्षात आलं. करवत थांबली की त्यांना मावशींच्या मुठींची टिकटिक ऐकू येई. एकदा चहाच्या वेळी ते म्हणाले, "काय हो बाई, तुमच्या उजव्या हातानं मौन धरलंय का?"

"काळे डोंगर रुसलेत," मावशी म्हणाल्या. "सरांना विचारा."

सरांना विचारायची गरजच नव्हती, ते आपणहून सगळ्यांना सांगत सुटले होते. काळ्या डोंगरांवरून येणारी हिमनदी या काळात मागे हटली, पांढऱ्या डोंगरांवरची तेवढी चालू राहिली. बर्फानं वाट बदलली. हे आजवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सरांनी त्यावर मोठा लेख लिहायला घेतला. भिंतीवर लावलेल्या कागदावर त्यांनी मावशींच्या आकड्यांवरून दोन रेघा काढल्या होत्या. पांढऱ्यांची रेघ कमी-जास्त होत चालली होती, आणि काळ्यांची रेघ वरच्या थरांकडे येता येता उतरत उतरत शून्याच्या कडेला टेकली होती. सर त्या रेघेकडे बघायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच बाप झालेल्या माणसाचा भाव असे. मावशींनाही त्या रेघेचा अभिमान होता. ती त्यांच्या अंगठ्यांतून उतरली होती.

याच सुमारास मावशींना दिवा कमी पडू लागला. त्यांनी मागितला तसा मोठा दिवा मिळाला, पण त्यानं ओला दगड नुसता चमकायचा. मग त्यांनी चष्म्याची काच पुसायचं फडकं बदललं.

एका रविवारी सकाळी खिडकीशी बसून त्या नातवाची शाळेची पँट बघत होत्या. गडद निळी पँट, तिला काळं बटण. बटण तुटलंय म्हणून त्यांनी सुई ओवून मागितली. सुई ओवून देता देता सून म्हणाली, "आई, बटण आहे की."

"कुठे आहे?"

"तुमच्या अंगठ्याखाली."

मावशींनी बोट फिरवलं. बटण होतं. चार भोकं बोटाला लागली. डोळ्यांना मात्र तिथे सपाट निळं कापड दिसत होतं. पँट उजेडात धरली, तिरपी धरली, चष्मा काढून धरली. शेवटची नजर म्हणून ज्या बाईनं निम्मं आयुष्य काढलं, तिला हातातलं बटण दिसेना. सुनेला वाटलं, आता हसतील. पण सासूबाईंनी पँटची नीट घडी घातली, बाजूला ठेवली आणि बराच वेळ स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघत बसल्या.

सोमवारी त्यांनी स्वतःच स्वतःची परीक्षा घेऊन पाहिली. ओल्या कांडीवरून बोट फिरवलं. पण करवतीनं चिरलेला दगड काचेसारखा गुळगुळीत असतो. खडा कुठे संपतो आणि गाळ कुठे सुरू होतो, हे बोटाला कळत नाही. तिथे बटणासारखी सोय नव्हती. त्या उठून सरांच्या खोलीत गेल्या. सर लेखाचं शेवटचं वाचन करत होते, त्याच आठवड्यात तो रवाना व्हायचा होता.

"सर," मावशी म्हणाल्या, "वरच्या पेट्यांतून काळे खडे गेलेत, की माझ्या डोळ्यांतून गेलेत, हे मला सांगता येत नाहीये."

सर पहिल्यांदा भिंतीकडे न बघता त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"तेच तर कळत नाही. एकदम अंधार झाला असता तर कळलं असतं. हे संध्याकाळ झाल्यासारखं झालंय."

घोळ कुठे होता, तो सरांच्या ध्यानात चटकन आला, आणि मावशींच्याही तो रविवारभर विचार करून ध्यानात आला होता. कांड्या खालून वर वाचायच्या हा शिरस्ता. म्हणजे दगडातला काळ ज्या दिशेनं पुढे गेला, त्याच दिशेनं मावशींचं वयही पुढे गेलं होतं. बर्फ हळूहळू मागे हटला असता तर काळी रेघ जशी उतरली असती, नेमकी तशीच ती डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावरही उतरणार. कागदाकडे पाहून दोन्हींतला फरक ओळखणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं.

त्या दिवसापासून मावशींच्या मनाला एकच घोर लागला. वरच्या पेट्या चुकल्या असतील, ते समजण्यासारखं होतं. पण डोळा नेमका कधी उणा झाला, हे कोणाला ठाऊक? आढीतला एक आंबा नासका निघाला की माणूस सगळी आढी संशयानं हुंगतो. खालच्या पेट्यांवरही विश्वास राहिला नाही, तर इतक्या वर्षांची मोजणी पाण्यात. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला की आई, तू जाणूनबुजून थोडंच केलंस. मावशींना ते पटेना. कपड्याला भोक पडलेलं असलं तर ते कोणी जाणूनबुजून पाडलं नाही म्हणून बुजत नाही.

संस्थेत निरनिराळे सल्ले निघाले. वरच्या मजल्यावरच्या एका साहेबांचं म्हणणं, कांड्यांचे फोटो काढून यंत्राकडून मोजून घ्यावेत. दुसऱ्यांचं म्हणणं, विद्यार्थी लावावेत. थरवाल्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि नकार दिला. दुसरा माणूस मोजेल ते दुसऱ्या माणसाचे खडे, असं त्यांचं म्हणणं पडलं. कोणता खडा धरायचा, कोणता सोडायचा, दोन चिकटलेले खडे एक मानायचे की दोन, हे प्रत्येक हाताचं वेगळं असतं. जुने आकडे खरे की खोटे ठरवायचे तर हात तोच हवा, फक्त डोळा नवा. त्यांनी मावशींना बोलावून सांगितलं, "ऑपरेशन करून घ्या. लेख थांबवलाय."

"किती दिवस थांबणार, सर?"

"तो बर्फ वितळायचा तेव्हाच वितळून गेलाय, मावशी. घाई मला होती, त्याला नाही."

हे वाक्य मावशींनी घरी जाऊन सुनेला सांगितलं, बहिणीला सांगितलं, आणि दादांना तर दोनदा. एका मोजणीवाल्या बाईच्या डोळ्यांसाठी माणसानं तयार झालेला लेख कपाटात घालावा, याचं मोल त्यांना कळत होतं.

डोळ्यांची डॉक्टर वयानं त्यांच्या मुलीसारखी होती. तिनं तपासलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय म्हणाली, आणि सहज विचारलं की काम काय करता.

"खडे मोजते."

डॉक्टरांनी मान वर केली. "मोठे की बारीक?"

"काडीच्या गुलाएवढे."

"डोळ्यांपासून किती लांब असतात?"

मावशी खुर्चीवरून उठल्या, डॉक्टरांच्या टेबलावर कांडी ठेवलीय असं समजून वाकल्या आणि दोन्ही मुठी वळून दाखवल्या. डॉक्टरांनी खणातून फीत काढली आणि टेबलापासून त्यांच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजलं. बहुतेकांना लांबचं स्वच्छ दिसेल असं भिंग डोळ्यात बसवतात, असं त्यांनी समजावून सांगितलं, पण तुम्हाला या अंतराचं बसवू. रस्त्यावर चष्मा लागेल, दगडापाशी लागणार नाही. आपल्या वाकण्याचं माप कोणी घ्यावं, हे मावशींना नवीन होतं. त्या दिवशी घरी येताना त्यांची भीती निम्मी झाली होती.

आधी एक डोळा झाला, मग काही आठवड्यांनी दुसरा. सुनेनं थेंबांच्या वेळा सांभाळल्या, सासूबाईंना वाकू दिलं नाही, चुलीपाशी फिरकू दिलं नाही, आणि त्यांची पट्टी निघाली तेव्हा त्याचं फळ तिला लगेच मिळालं. मावशींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, शेगडीच्या मागची भिंत अशी होती होय?"

"तुम्हाला दिसत नव्हती तोवर चांगली होती," सून म्हणाली. "त्या डॉक्टरांना म्हणावं, भिंग एवढं साफ नको होतं."

मग मावशी आरशापाशी गेल्या आणि भिंतीचा विषय त्यांनी परत काढला नाही. पण दुपारी सून झोपली असताना तिची फाटलेली चादर त्यांनी बारीक टाक्यांनी शिवून ठेवली. दोन महिने त्या बाईनं आपले डोळे जपले, याची परतफेड टाक्यांनी होत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण दुसरी कुठली कला हातात नव्हती.

त्या कामावर परत आल्या तेव्हा सरांची तयारी झालेली होती. कोठाराच्या सगळ्या उंचींवरच्या पेट्या त्यांनी निवडून काढल्या होत्या, काही अगदी तळाच्या, काही मधल्या, काही वरच्या. प्रत्येक पेटीच्या क्रमांकावर जाड तपकिरी कागद चिकटवला होता आणि पेट्यांची सरमिसळ केली होती. समोर आलेली पेटी कुठली, हे मावशींना कळता कामा नये. क्रमांक एकट्या सरांना ठाऊक. पेट्या उचलून आणायचं काम दादांचं, आणि पेटी कुठून आणली याबद्दल त्यांनी अवाक्षर काढायचं नाही, अशी ताकीद. त्या सगळ्या खटाटोपात अवघड काम कुठलं असेल तर हे, असं पुढे सर म्हणाले. दादा पेटी आणून ठेवत, तोंड घट्ट मिटत आणि इतके मोठे डोळे करत की मावशी म्हणाल्या, "दादा, एकवेळ बोला, पण असे बघू नका. तुमच्या चेहऱ्यावरून पेटी ओळखायची मी."

तेव्हापासून दादा पेटी ठेवली की पाठ फिरवून उभे राहत.

मावशींनी पहिली कांडी स्पंजनं पुसली, आणि थोडा वेळ नुसत्याच पाहत राहिल्या. दगड करडा होता, हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं. पण त्या करड्यात हिरवट पट्टे होते, तपकिरी झाक होती, आणि एका काळ्याभोर खड्याखाली गाळाच्या रेघा खोलगट वाकलेल्या होत्या. वरून पडताना त्यानं त्या दाबल्या होत्या. तो पडला त्या क्षणीचा तो खळगा. मग त्यांनी मुठी वळल्या. उजवा अंगठा चालू लागला. ही पेटी जुनी की वरची, ते कळायला मार्ग नव्हता, आणि त्यांनी तो शोधलाही नाही. खडा दिसला की दाबायचं, एवढंच त्यांनी हातांना सांगितलं.

काम संपलं तेव्हा सरांनी त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते, जुन्या आकड्यांचा आणि नव्या. दादा काहीतरी विचारायच्या निमित्तानं दारात येऊन उभे राहिले, त्यांना कोणी हाकललं नाही.

"खालच्या पेट्या जुळल्या," सर म्हणाले.

"सगळ्या?"

"एखाददुसऱ्या खड्याचा फरक. तेवढा माझा माझ्याशीही पडतो." त्यांनी बोट कागदावरून वर नेलं. "मधल्याही जुळल्या. इथपर्यंत. या पेटीपासून नवा आकडा जुन्याच्या वर जायला लागतो. म्हणजे इथपर्यंतचं सगळं तुमचं काम उभं आहे, मावशी. याच्या वरचं तेवढं पुन्हा करायचं."

मावशींनी ते बोट जिथे थांबलं होतं ती जागा पाहिली. ती बरीच वर होती. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा फारच वर. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग ऑपरेशन आठवून घाईनं काढला.

"आणि काळे खडे?"

"आहेत. भरपूर आहेत. बर्फानं वाट वगैरे काही बदलली नव्हती. दोन्ही डोंगरांवरून येत होता तसाच येत होता. उलट इथे," सरांनी वरच्या भागात एका जागी टिचकी मारली, "इथे तो पुन्हा एकदा चांगला पुढे सरकून आलाय. आपण लिहिणार होतो की तो गेला, आणि तो तर दारात उभा होता."

लेख गेला, हे तिघांनाही कळलं. मावशींनी माफी मागायला तोंड उघडलं, पण सरांनी हात वर केला. ते म्हणाले की त्या कांड्या मीही पाहिल्या होत्या. थरांची वर्णनं मीच लिहिली. काळे खडे माझ्याही डोळ्यांसमोर होते आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू नव्हता. पण मी आधी तुमचा आकडा वाचायचो आणि मग दगड बघायचो. आकडा म्हणाला खडे नाहीत, तर मला ते दिसले नाहीत. दिसले तरी वाटायचं, असेल एखादा चुकार. तुम्ही सोमवारी माझ्या खोलीत आला नसतात, तर हे छापून आलं असतं आणि माझ्यानंतर दहा जणांनी ते खरं धरून पुढे लिहिलं असतं. मग त्यांनी नेहमीप्रमाणे भिंतीकडे बघत म्हटलं, "माझे उपकार झाले असं घरी सांगत फिरता म्हणे तुम्ही. दादांनी सांगितलं. ते उलटं आहे, एवढं लक्षात ठेवा."

दादांनी दारातूनच काढता पाय घेतला.

त्यानंतर वरच्या पेट्या नव्यानं मोजायला घेतल्या. सरांनी शिरस्ता मोडला आणि या वेळी वरून खाली मोजायचं ठरवलं, म्हणजे पुन्हा काही घसरलं तर ते उलट्या बाजूनं घसरेल आणि ध्यानात येईल. शिवाय आणखी एक नियम झाला, मावशी मोजतील आणि सर पाहतील, पण एकमेकांना आकडा आधी सांगायचा नाही.

सर्वांत वरची पेटी दादांनी आणून ठेवली. या कांडीचा दगड वेगळाच होता. करडा नाही, फिका, जवळजवळ खडूसारखा, आणि हाताला हलका. सरांनी सांगितलं की हा गाळ नाहीच. समुद्राच्या वरच्या पाण्यात उजेडावर जगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींची कवचं आहेत ही, मेल्यावर खाली साचत गेलेली. डोक्यावर बर्फाचं छप्पर असतं तर त्यांना ऊन मिळालंच नसतं.

मावशींनी स्पंज फिरवला, चौकट ठेवली, मुठी वळल्या. डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग उजवीकडून डावीकडे. दिवा हलवून पाहिला. अंगठे जागचे हलले नाहीत. त्यांनी चौकट खाली सरकवली, पुन्हा तेच. पूर्वीही या एकाच पेटीत त्यांना काळा किंवा पांढरा एकही खडा सापडला नव्हता, पण त्या वेळच्या न सापडण्याचा आता भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी घाई केली नाही. एखादी रेघ जाडसर दिसली तर भिंग लावून खात्री केली. मग यंत्रं पालथी घालून टेबलावर ठेवली आणि सरांना खूण केली.

सर खुर्चीवर बसले. त्यांना वाकून बघायला वेळ लागे. मावशी त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. शेजारच्या खोलीत करवत थांबली होती.

"एकही नाही," सर म्हणाले. "तुमचे?"

मावशींनी दोन्ही यंत्रं उलटी केली. दोन्हींवर शून्य होतं.

"म्हणजे इथे बर्फ खरंच गेला होता, सर?"

"इथे खरंच गेला होता. उघडं पाणी होतं. ऊन पडत होतं."

मावशींनी खुर्ची ओढून घेतली आणि आपल्या जागी बसून वहीत दोन्ही खात्यांत शून्य मांडलं. ते त्यांनी जरा मोठंच काढलं. मग त्या पुन्हा त्या फिक्या दगडावर वाकल्या. मोजायचं आता काही नव्हतं, तरी त्या तशाच पाहत राहिल्या, इतका वेळ की दादांनी आत डोकावून विचारलं, पेटी उचलू का, चहा निवतोय.

"जरा थांबा," मावशी म्हणाल्या. "बघू द्या."